प्ल्यूस-क-पार्फे: ‘होतं’ दिसलं की लावायचं का?

सुरसागर_काठ

फ्रेंचच्या बी१ (मध्यम पातळी) च्या पेपरला बसणाऱ्या बडोद्याच्या मुलांसाठी हा धागा उघडतेय. विषय प्ल्यूस-क-पार्फे, म्हणजे भूतकाळातल्या एखाद्या क्षणाच्याही आधी घडलेलं सांगणारा काळ. इथे देवनागरीतच लिहायचं आहे, म्हणून लिपीचं आधी ठरवून घेऊ. ‘माझ्या’मधला उच्चार तो झ, ‘माझा’मधला तो ज़. ‘यू’ म्हणताना ओठ शीळ घालताना करतो तसे गोल करायचे. जिथे स्पेलिंग महत्त्वाचं आहे तिथे अक्षरं फोडून लिहा.

रचना सगळ्यांना पाठ असते: आव्वार (जवळ असणे) किंवा एत्र (असणे) हे सहायक क्रियापद अँपार्फेत, म्हणजे चालू क्रिया, स्थिती किंवा सवय सांगणाऱ्या भूतकाळात, आणि त्यापुढे पार्तिसिप पासे, म्हणजे ‘गेलेला, खाल्लेला’सारखं मुख्य क्रियापदाचं रूप. तरीही पुढची सहा वाक्यं हमखास चुकतात. प्रत्येकाखाली नेहमी दिसणारं चुकीचं उत्तर दिलं आहे.

१. काल मी कमाटीबागेत गेलो होतो.
येर, झेते आले ओ कमाटीबाग.

२. आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती.
काँ नू सोम आरिवे आ ला गार, ल त्रँ आवे पार्ती.

३. तिने हात धुतले होते.
एल सेते लावे ले मँ. (लावेच्या शेवटी जादा ई लावलेला असतो.)

४. तू लिहिलेली पत्रं मी वाचली होती.
झावे ल्यू ले लेत्र क त्यू आ एक्री. (ल्यूला ई-एस लावलेलं, एक्रीला काहीच नाही.)

५. मला माहीत असतं तर मी आलो असतो.
सी झोरे स्यू, झ सरे वन्यू.

६. तो म्हणाला, की मी सेव उसळ खाल्ली नाही.
इल आ दी किल ना पा माँझे द सेव उसळ.

मुलं नियम घडाघडा म्हणतात आणि तरी हीच उत्तरं लिहितात. माझ्या मते गडबड फ्रेंचमध्ये कमी आणि आपल्या मराठीत जास्त आहे. जाणकारांनी एकेक वाक्य सोडवावं.

---

दांडिया_बाजार

छान निवडली आहेत वाक्यं. अर्थाकडे वळण्याआधी रूपं एकदा नीट मांडतो, कारण ऐकण्यात आणि लिहिण्यात इथेच घसरतात.

आव्वार: झावे, त्यू आवे, इल आवे, नू ज़ाव्यों, वू ज़ाव्ये, इल ज़ावे.
एत्र: झेते, त्यू एते, इल एते, नू ज़ेत्यों, वू ज़ेत्ये, इल ज़ेते.

शेपट्या दोन्हींना एकच: ए-आय-एस, ए-आय-एस, ए-आय-टी, आय-ओ-एन-एस, आय-ई-झेड, ए-आय-ई-एन-टी. आव्वारचं अंग वर्तमानकाळातल्या ‘नू ज़ाव्हों’मधून ओ-एन-एस काढून मिळतं, ए-व्ही. एत्र हे फ्रेंचमधलं एकमेव क्रियापद, ज्याचं अँपार्फेचं अंग या रीतीने मिळत नाही. ते सरळ पाठ करायचं, ई-टी, ईवर उजवीकडे चढणारी रेघ.

चार रूपं कानाला एकच लागतात: आवे, आवे, आवे, आवे. त्यामुळे ‘झावे’ लिहिताना शेवटी टी पडतो. तो पहिल्या पुरुषात कधीच येत नाही. ‘तो’ आणि ‘ते’ यांतला फरक कानाला फक्त जोडउच्चारातून कळतो: इलावे म्हणजे एकटा, इलज़ावे म्हणजे अनेक. श्रुतलेखनात त्या ज़ कडे कान ठेवा, नाहीतर सगळं वाक्य एकवचनात जातं.

दुसरी जागा पार्तिसिपची. ‘वू ज़ाव्ये पार्ले’ यात दोन्ही शब्दांच्या शेवटी ‘ए’ ऐकू येतो, म्हणून मुलं दोन्हीकडे ई-झेड लिहितात. पहिला ई-झेड, दुसरा नुसता रेघवाला ई. शंका आली की त्या जागी वाँद्र (विकणे) हे क्रियापद ठेवून बघा. ‘वू ज़ाव्ये वाँद्यू’ असंच म्हणता येतं, म्हणजे तिथे पार्तिसिपच हवा.

पार्तिसिप घराण्यांनी पाठ करावेत, एकेक सुटा नको. प्राँद्रचा प्री, म्हणून आप्रीही आणि कोंप्रीही. मेत्रचा मी, म्हणून पेर्मी, प्रोमी. ऊव्रीरचा ऊवेर, त्याच्यासारखेच ओफेर, कूवेर, सूफेर. मग आखूड ‘यू’वाले: ल्यू, व्यू, स्यू, प्यू, ब्यू, क्र्यू, रस्यू, आणि आव्वारचा स्वतःचा यू (लिहायचा ई-यू, उच्चार नुसता यू). दव्वारच्या द्यूवर टोपी (^) फक्त पुल्लिंगी एकवचनात असते, स्त्रीलिंगात किंवा अनेकवचनात ती निघून जाते.

---

रावपुरा

वाक्य १ मी घेते, कारण सगळ्या धाग्याचं मूळ तिथे आहे.

मराठीत ‘काल मी कमाटीबागेत गेलो होतो’ हे नुसतं ‘गेलो’ याच अर्थाने बोललं जातं. आपण बडोद्यात दिवसभर गुजराती ऐकतो, तिथेही ‘हुं गयो हतो’ तसंच चालतं. जाऊन परत आलो, गोष्ट संपली, एवढंच ते ‘होतो’ सांगतं. फ्रेंचमध्ये त्यासाठी पासे कोंपोज़े, म्हणजे संपलेल्या क्रियेचा साधा भूतकाळ आहे: येर, झ स्वी आले ओ कमाटीबाग.

‘झेते आले’ म्हटलं की फ्रेंच माणूस पुढच्या वाक्याची वाट बघतो. कशाच्या आधी गेला होतास? प्ल्यूस-क-पार्फेला भूतकाळातला दुसरा बिंदू लागतो आणि ही क्रिया त्या बिंदूच्या मागे असावी लागते. तो बिंदू त्याच वाक्यात असेल, मागच्या वाक्यात असेल किंवा नुसता समजून घ्यायचा असेल, पण तो असलाच पाहिजे. लिहिण्याआधी ‘कशाच्या आधी?’ असं विचारा. उत्तर ‘आत्ताच्या आधी’ असेल तर पासे कोंपोज़े.

आता उलटी बाजू. मराठीत ‘होतं’ मुळीच दिसत नाही आणि फ्रेंचला मात्र हा काळ हवा असतो, अशा तीन जागा आहेत.

पहिली, ‘-लेला’. वाक्य ४ मधल्या ‘तू लिहिलेली पत्रं’ यात होतं नाही. पण पत्रं आधी लिहिली गेली, मग वाचली गेली. वाचणं भूतकाळातलं, लिहिणं त्याच्याही मागचं. म्हणून ‘त्यू आ’ नाही, ‘त्यू आवे एक्रीत’.

दुसरी, वाक्य ६. मराठीत ‘म्हणाला’नंतर आपण त्या माणसाचे शब्द जसेच्या तसे ठेवतो, ‘मी’ सुद्धा ‘मी’च राहतो. फ्रेंचमध्ये ‘म्हणाला’ भूतकाळात गेलं की आतला पासे कोंपोज़े एक पायरी मागे सरकतो: इल आ दी किल नावे पा माँझे द सेव उसळ.

तिसरी, सवय. ‘जेवण झालं की तो सुरसागर तलावाला चक्कर मारायचा.’ होतं कुठेच नाही. फ्रेंचमध्ये रोजचं जेवण रोजच्या चकरेच्या आधी, म्हणून: काँ इल आवे माँझे, इल फज़े अँ तूर ओ सुरसागर. इथे मुलं दोन्हीकडे अँपार्फे लिहितात आणि जेवता जेवता चक्कर मारल्यासारखं होतं.

‘जेवून तो निघाला’ असं ‘-ऊन’ आलं आणि कर्ता एकच असला, तर प्ल्यूस-क-पार्फेच्या वाटेला जाऊ नका. आप्रे ज़ाव्वार माँझे, इल ए पार्ती. सुटसुटीत होतं.

---

न्यायमंदिर

वाक्य २ बद्दल. पार्तीरला एत्र लागतं, म्हणून ‘ल त्रँ एते पार्ती’. सहायक ओळखायला सोपी खूण सांगतो. मराठीत कर्त्याला ‘ने’ लागला तर आव्वार, नाही लागला तर एत्र. ‘त्याने खाल्लं होतं’: इल आवे माँझे. ‘तो गेला होता’: इल एते आले.

---

मांडवी_चौक

न्यायमंदिर, ही खूण अर्धीच खरी आहे आणि परीक्षेत महागात पडेल. ‘तो हसला होता’, ‘तो झोपला होता’, ‘तो धावला होता’, ‘तो बोलला होता’. ने कुठेच नाही, तरी चारही ठिकाणी आव्वार: इल आवे री, इल आवे दोर्मी, इल आवे कूर्यू, इल आवे पार्ले. म्हणजे ने नसला म्हणून एत्र येतंच असं नाही. उलट बाजूने, ‘तिने हात धुतले होते’ यात ने आहे आणि तरी एत्र आहे, कारण फ्रेंचमध्ये ते स्वतःकडे वळणारं, ‘स’वालं क्रियापद आहे. ‘स’वाली सगळी क्रियापदं एत्र घेतात, अपवाद नाही.

एत्रची यादी लहान आहे, ती पाठच करा: आले, वनीर, आरिवे, पार्तीर, आँत्रे, सोर्तीर, मोंते, देसाँद्र, नेत्र, मूरीर, रेस्ते, तोंबे, रतूर्ने, पासे, आणि यांची उपसर्ग लावलेली भावंडं, म्हणजे रवनीर, दवनीर, राँत्रे वगैरे.

यांतली सहा दोन्हीकडे जातात: मोंते, देसाँद्र, सोर्तीर, राँत्रे, रतूर्ने, पासे. मराठीची जोडी इथे खरंच कामाला येते. उतरलो होतो, झेते देसाँद्यू. बॅग उतरवली होती, झावे देसाँद्यू ला वालीज़. बाहेर पडलो होतो, झेते सोर्ती. गाडी बाहेर काढली होती, झावे सोर्ती ला व्वात्यूर. उतरणे-उतरवणे, चढणे-चढवणे, पडणे-काढणे अशी जोडी सुचली की दुसऱ्याला आव्वार.

एके ठिकाणी ही जोडीही फसवते. ‘ती जिना चढली होती.’ मराठीत क्रियापद ‘ती’शी जुळतं, चढवणे नाही, ने नाही. पण फ्रेंचमध्ये जिना हे सरळ कर्म आहे: एल आवे मोंते लेस्कालिये. शब्दयोगीशिवाय नाम थेट क्रियापदाला चिकटलं की आव्वार, एवढं बघा.

---

न्यायमंदिर

बरोबर आहे, जिन्याचं लक्षात आलं नव्हतं. मग ‘ने असेल आणि स नसेल तर आव्वार, बाकी यादी बघा’ असं म्हणू.

---

मांडवी_चौक

हो, असं म्हटलं तर चालेल.

वाक्य २ मध्ये अजून एक बघण्यासारखं आहे. ‘आम्ही पोचलो तेव्हा’ हे तसंच ठेवा आणि फक्त गाडीचा काळ बदला.

ल त्रँ पार्ते: गाडी सुटत होती, हलताना दिसली, धावत जाऊन कदाचित मिळालीही असेल.
ल त्रँ ए पार्ती: आम्ही पोचलो आणि मग ती सुटली.
ल त्रँ एते पार्ती: फलाट रिकामा.
ल त्रँ वने द पार्तीर: नुकतीच सुटली होती. मराठीत ‘नुकतीच’ आलं की वनीर द अँपार्फेत टाका, प्ल्यूस-क-पार्फे नको.

चार वाक्यं, चार वेगळे प्रसंग. हे वर्गात फळ्यावर एकाखाली एक लिहिलं तर अर्ध्या शंका मिटतात.

---

सुरसागर_काठ

आता ३ आणि ४. पार्तिसिपची जुळणी कोणी समजावेल का? मराठीत कर्माशी जुळतं म्हणून मुलं ‘ल्यू’ला स्त्रीलिंगी करतात, आणि ते चूक आहे हे त्यांना पटत नाही.

---

दांडिया_बाजार

पटत नाही, कारण आपली भाषा तसंच करते. ‘मी आंबा खाल्ला होता, पोळी खाल्ली होती, आंबे खाल्ले होते.’ कर्म कुठेही असो, क्रियापद त्याच्याशी जुळतं. फ्रेंचही आव्वारबरोबर कर्माशीच जुळवतं, पण एका अटीवर: कर्म क्रियापदाच्या आधी येऊन गेलेलं हवं. सोळाव्या शतकात क्लेमां मारो या कवीने इटालियनचा दाखला देऊन हा नियम पुढे केला आणि तो टिकला.

वाक्य ४ मध्ये दोन पार्तिसिप आहेत. ‘झावे ल्यू ले लेत्र’: ल्यू लिहिताना पत्रं अजून आलेली नाहीत, ल्यू कोरा. ‘क त्यू आवे एक्रीत’: क म्हणजे तीच पत्रं, ती आधी आली आहेत, म्हणून एक्रीला ई-एस. ई लागल्याने टी उच्चारात उमटतो. एका वाक्यात दोन्ही बाजू दिसतात, म्हणून हे वाक्य मला आवडलं.

एत्रबरोबर जुळणी कर्त्याशी, अगदी ‘ती गेली होती, त्या गेल्या होत्या’सारखी. फरक इतकाच की मराठीत ‘होती’ही लिंगाने बदलते, फ्रेंचमध्ये एते फक्त पुरुष आणि वचन बघतं, लिंग सगळं पार्तिसिपवर.

वाक्य ३ मध्ये मात्र एत्र असूनही कर्त्याशी जुळत नाही. स-वाल्यांना एक प्रश्न विचारायचा: काय धुतलं? हात. हात क्रियापदाच्या नंतर आले आहेत, आणि ‘स’ म्हणजे ‘स्वतःचे’, अप्रत्यक्ष. म्हणून लावे कोरा: एल सेते लावे ले मँ. हात काढून टाका, ‘एल सेते लावे’, ती स्वतःच धुतली गेली, आता ई हवा. आणि ‘ले मँ केल सेते लावे’, तिने धुतलेले हात, इथे हात पुढे आले, म्हणून ई-एस. उच्चार तिन्हीकडे एकच, स्पेलिंग तीन.

आदरार्थी वू बद्दल कुणी बोललं नाही. ‘बाई, तुम्ही आला होतात’ यात मराठी क्रियापद अनेकवचनी. फ्रेंचमध्ये सहायक अनेकवचनी, पण पार्तिसिप खऱ्या माणसाकडे बघतो: एक बाई, म्हणून ‘वू ज़ेत्ये वन्यू’ला ई लावा, एस नाही.

---

रावपुरा

नकाराबद्दल दोन ओळी, त्याला जास्त लागत नाही. मराठीत नकार सहायकात शिरतो, ‘गेलो नव्हतो’. फ्रेंचमध्येही न आणि पा यांच्या मधे फक्त सहायक बसतं: झ नेते पा आले. देझा, ब्यँ, तूझूर हे शब्दही सहायक आणि पार्तिसिप यांच्या मधेच.

वाक्य ५ ला जास्त जागा द्यायला हवी. ‘माहीत असतं तर आलो असतो.’ दोन्हीकडे असतं-असतो. म्हणून मुलं दोन्हीकडे कोंदिस्योनेल, म्हणजे ‘असतो’वालं संकेतार्थी रूप लिहितात: सी झोरे (सी म्हणजे जर). फ्रेंच लहान मुलंही हीच चूक करतात, आणि त्यांना शाळेत शिकवतात की सीला रे आवडत नाही, म्हणजे आर-ए-आय-एस ही शेपटी. ‘जर’च्या बाजूला प्ल्यूस-क-पार्फे, ‘तर’च्या बाजूला कोंदिस्योनेल: सी झावे स्यू, झ सरे वन्यू. ‘तर’च्या बाजूची गोष्ट आत्ताची असेल तर तिथे साधा कोंदिस्योनेल: सी झावे माँझे, झ नोरे पा फँ, म्हणजे जेवलो असतो तर आत्ता भूक लागली नसती. पहिला भाग बदलत नाही.

सीचा आय फक्त इल आणि अनेकवचनी इलपुढे गळतो. एलपुढे गळत नाही: सी एल आवे स्यू.

शिवाय ‘सी’चा दुसरा अर्थ ‘का’ असतो. ‘तो येईल का, असा विचार करत होतो’, झ म दमाँदे सील व्यँद्रे. इथे रे चालतं, कारण इथे ‘जर’ नाही. नियम पाठ करणारी मुलं इथे बरोबर उत्तर खोडून चुकीचं लिहितात.

---

न्यायमंदिर

‘कशाच्या आधी?’ ही कसोटी विनवणीच्या वाक्याला लागू होते का? ‘मी तुम्हाला एक विचारायला आलो होतो’ यात दुसरा बिंदू कोणता?

---

रावपुरा

चांगला प्रश्न. फ्रेंचमध्ये ‘झेते वन्यू वू दमाँदे’ हे अगदी याच आदबीने म्हणतात, आणि नम्रतेचा हा वापर व्याकरणात मान्य आहे. आपण जसं ‘आलो होतो’ म्हणून मागणी थोडी मागे ढकलतो, समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवतो, तसंच. तेव्हा वाक्य १ मधलं ‘होतो’ चूक आणि हे बरोबर. इथे ‘होतो’ काढलं तर स्वर बदलतो, कमाटीबागेच्या वाक्यातून काढलं तर काहीच बदलत नाही.

---

सुरसागर_काठ

सरावासाठी चार वाक्यं टाकते, जाणीवपूर्वक अवघड.

क. १९१० साली श्री अरविंद पाँडिचेरीला पोचले. त्याआधी त्यांनी बडोद्यात फ्रेंच शिकवलं होतं.
ख. त्यांनी एकमेकांना फोन केला होता.
ग. पाऊस पडून गेला होता, रस्ते ओले होते.
घ. लक्ष्मी विलास राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला, तेव्हा त्याचा मूळ आराखडा करणारे मँट वारले होते.

---

मांडवी_चौक

क. काँ इल एतारिवे आ पोंदिशेरी, इल आवे देझा आँसेन्ये ल फ्राँसे आ बारोदा. पोचणं पासे कोंपोज़ेत, शिकवणं त्याच्या मागे. पण वाक्य ‘१९०० साली ते १८९३ पासून बडोद्यात राहत होते’ असं असतं तर दपुई (पासून) आणि नुसता अँपार्फे, कारण क्रिया तेव्हा चालूच होती.

ख. इल सेते तेलेफोने. फोन ‘कुणाला’ करतात, स अप्रत्यक्ष, म्हणून पार्तिसिपला एस नाही. पार्लेचंही तसंच. ‘त्यांनी एकमेकांना पाहिलं होतं’ असेल तर स सरळ कर्म, मग व्यूला एस.

ग. इल आवे प्ल्यू, ले र्यू एते मूये. पहिला भाग प्ल्यूस-क-पार्फे. दुसरा भाग तसा दिसतो, पण नाही. ‘ओले होते’ ही स्थिती आहे, एते हे साधं अँपार्फे आणि मूये हे विशेषण. जुळणी मात्र होतेच, र्यू स्त्रीलिंगी अनेकवचनी, म्हणून ई-एस. ‘दार उघडं होतं’, ला पोर्त एते ऊवेर्त, हेही याच जातीचं. कोणीतरी उघडलं होतं म्हणायचं असेल तर केल्कँ आवे ऊवेर ला पोर्त.

घ. मला इथे शंका आहे. ‘इल एते मोर’ हे वारले होते की मृत होते?

---

दांडिया_बाजार

रूपावरून दोन्ही. मूरीरला एत्र लागतं आणि मोर हे विशेषणही आहे, म्हणून नुसत्या ‘इल एते मोर’वरून कळत नाही. शेजारचा काळवाचक शब्द ठरवतो. मँट १८८१ मध्ये वारले. ‘इल एते मोर आँ १८८१’ लिहिलं तर साल घटनेला चिकटतं, म्हणजे वारले होते, हा प्ल्यूस-क-पार्फे. ‘इल एते मोर दपुई नवाँ’ लिहिलं तर त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती, म्हणजे स्थिती, हा अँपार्फे. उत्तरपत्रिकेत साल घालावं, परीक्षकाला शंकेला जागा राहत नाही.